लांब शॅकल लावून जिप्सीची उंची वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची उत्तरे मारुती जिप्सी समोर ठेवून लिहिली आहेत, कारण या गाडीला पुढे-मागे चारही कोपऱ्यांत पाटे (एकावर एक पोलादी पाने रचलेल्या कमानदार स्प्रिंगा) आहेत आणि दोन्ही अ‍ॅक्सल अखंड आहेत. जुन्या महिंद्रा जीपलाही यातले बहुतेक लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

शॅकल म्हणजे नेमका कोणता भाग?

पाट्याचे एक टोक चेसिसला पिनने पक्के बसवलेले असते. दुसरे टोक पक्के करून चालत नाही, कारण चाक खड्ड्यातून वर उसळले की पाट्याची कमान सपाट होते आणि त्याची लांबी वाढते. ही वाढ सामावण्यासाठी त्या टोकाला दोन पट्ट्यांचा झुलता दुवा असतो, तो शॅकल. त्याचे वरचे भोक चेसिसच्या ब्रॅकेटला आणि खालचे पाट्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या गोल वळणाला, जोडलेले असते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे पक्के टोक मागे आणि शॅकल पुढे, बंपरच्या खाली असतो. मागच्या पाट्याचे पक्के टोक पुढे आणि शॅकल मागे असतो. ही मांडणी लक्षात ठेवा. पुढचे सगळे अंशांचे गणित हिच्यावरच उभे आहे.

शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी दोन इंच उचलते का?

नाही, साधारण एकच इंच उचलते. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला आहे आणि अ‍ॅक्सल पाट्याच्या जवळपास मध्यावर बसतो. एक टोक 50 मिमी खाली ढकलले तर मध्यावर 25 मिमीच फरक पडतो. अ‍ॅक्सल अगदी मध्यावर नसेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. शॅकल उभा न राहता तिरका असेल तर वाढवलेल्या लांबीचा काही भाग आडवा जातो आणि उंची आणखी थोडी कमी मिळते.

लांबी नेहमी भोकाच्या केंद्रापासून भोकाच्या केंद्रापर्यंत मोजा. बाजारात ‘दोन इंची शॅकल’ म्हणून मिळणारा माल कधी दोन इंच जास्त लांबीचा असतो, तर कधी दोन इंच उचल देणारा, म्हणजे चार इंच जास्त लांबीचा. दुकानदाराच्या शब्दावर न जाता जुना शॅकल सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून पट्टी लावा.

मग किती लांबी सुरक्षित म्हणायची?

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ मापापेक्षा 25 ते 40 मिमी जास्त, म्हणजे 12 ते 20 मिमी उचल. 50 मिमी ही वरची मर्यादा, आणि तीही पाचरी (कोन सुधारणारे निमुळते तुकडे, पुढे सांगितले आहेत) व बाकीची जुळवाजुळव करणार असाल तरच. त्यापुढे शॅकल हा मार्गच चुकीचा आहे. दोन इंच उचल हवी असेल तर जास्त कमानीचे नवे पाटे घ्या. चार इंच जास्त लांबीचे शॅकल लावलेली जिप्सी उभी असताना झकास दिसते, पण साठच्या वेगाने वळण घेताना ती कशी वागते ते मागून येणाऱ्यालाही कळते.

याने ग्राउंड क्लिअरन्स वाढतो का?

चेसिस, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि टाकी यांच्याखालचा वाढतो. डिफरन्शियलच्या गोळ्याखालचा एक मिलिमीटरही वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या केंद्रावर बसलेला आहे आणि ते केंद्र जिथल्या तिथे राहते. जिप्सीचा छापील क्लिअरन्स 210 मिमी आहे. खडकावर अडकतो तो बहुधा अ‍ॅक्सलच, आणि तो वर न्यायचा असेल तर टायर मोठा हवा.

205/70आर15 टायरचा व्यास 668 मिमी आहे, 215/75आर15 चा सुमारे 703 मिमी. म्हणजे या बदलाने अ‍ॅक्सल जवळपास 18 मिमी वर जातो. स्पीडोमीटर मात्र पाच टक्के कमी वेग दाखवू लागतो. 235/75आर15 चा व्यास 733 मिमी, अ‍ॅक्सल सुमारे 33 मिमी वर, आणि स्पीडोमीटरमध्ये जवळजवळ दहा टक्क्यांची तफावत. लांब शॅकलचा खरा उपयोग इथे आहे: थोडा मोठा टायर बसवल्यावर तो मडगार्डला घासू नये एवढी जागा करणे.

पाटे बसले आहेत. लांब शॅकल लावले तर गाडी पूर्वीच्या उंचीवर येईल ना?

उंचीवर येईल, पण दुखणे तसेच राहील. बसलेल्या पाट्याची कमान गेलेली असते. तो आधीच सपाट झालेला असतो आणि लांब शॅकल त्याची कमान परत आणत नाही. आधी पाटेवाल्याकडे जा. पाटे उतरवून प्रत्येक पान सुटे करून पाहिले की तडे दिसतात, बहुतेक वेळा पाने मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा मेन पाट्याच्या डोळ्याच्या वळणावर. तडा गेलेले पान बदलायचे, बाकीच्यांना ठोकून कमान द्यायची. एखादे पान वाढवण्याचा मोह होतो, पण रिकाम्या गाडीला ते फार कडक होते. पाटे नीट झाल्यावर बहुतेकांना शॅकलची गरजच वाटत नाही.

पुढच्या चाकांच्या कॅस्टरवर काय परिणाम होतो?

कॅस्टर कमी होतो, आणि याच कारणाने काम सर्वात जास्त बिघडते. किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते तिची, रेषा बाजूने पाहिली तर वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेली असते. या झुकावाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. पुढच्या पाट्याचे शॅकल असलेले टोक पुढे आहे. ते खाली गेले की पाटा पुढे उतरता होतो, त्याच्यासोबत अ‍ॅक्सल पुढे कलंडतो आणि किंगपिनचे वरचे टोक पुढे येते.

किती, ते काढणे सोपे आहे. समजा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत पाटा 900 मिमी आहे आणि शॅकलने एक टोक 50 मिमी खाली नेले. हा कोन 3 अंशांहून किंचित जास्त येतो. जिप्सीचा मूळ कॅस्टरच साडेतीन अंशांच्या आसपास आहे. म्हणजे 50 मिमीने तो जवळपास संपला. 25 मिमीने निम्मा गेला.

कॅस्टर संपलेल्या गाडीचे स्टिअरिंग हलके लागते, त्यामुळे सुरुवातीला लोक खूश होतात. मग हायवेवर गाडी एका रेषेत राहत नाही, सतत हाताने सावरावी लागते, आणि वळणानंतर चाक मध्यावर परत येत नाही.

कॅस्टर परत कसा आणायचा?

पाटा आणि अ‍ॅक्सलची बैठक यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून. पाचरी दोन, तीन, चार अंशांच्या बनवून मिळतात. जाड बाजू कुठे ठेवायची यात हमखास गोंधळ होतो. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलला पाचरीची जाड बाजू गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवायची, म्हणजे अ‍ॅक्सलची पुढची कड उचलली जाते आणि किंगपिन मागे झुकतो. ज्या गाडीचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर चढवले आहेत तिथे हेच उलटे: जाड बाजू मागे.

अ‍ॅल्युमिनियमची पाचर वापरू नका. पाटा आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या दाबाखाली ती चेपते, तडकते, निसटते आणि यू-बोल्ट ढिले होतात. पाचर घातली की सेंटर बोल्ट तेवढा लांब हवा. त्याचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण उतरलेच पाहिजे, कारण अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये हे काम तेच करते. यू-बोल्टही नवे घ्या. जुने एकदा ताणलेले असतात आणि आता त्यांचे आटेही कमी पडतात.

एक किंमत मात्र मोजावी लागते. कॅस्टरसाठी अ‍ॅक्सल मागे झुकवला की त्याचा पिनियन (शाफ्टला जोडलेला डिफरन्शियलचा दांडा), जो मागे ट्रान्सफर केसकडे तोंड करून आहे, खाली वळतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हील फक्त चिखलात कमी वेगाने वापरत असाल आणि फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सोडवणारे हब) असतील तर हे चालून जाते, कारण एरवी तो शाफ्ट फिरतच नाही. हब नसतील तर शाफ्ट कायम फिरतो, तेव्हा पाचर दोन अंशांपर्यंतच ठेवा आणि शॅकलची लांबीही त्याच हिशेबाने कमी घ्या.

मागून घरघर आणि थरथर येऊ लागली. काय झाले?

मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे, आहेत. एका क्रॉसमुळे फिरण्यात येणारा चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. ट्रान्सफर केसचा बाहेर येणारा दांडा आणि मागचा पिनियन हे एकमेकांना समांतर असले की ते सारखे राहतात.

लांब शॅकलने मागच्या पाट्याचे मागचे टोक खाली जाते, अ‍ॅक्सल मागे कलंडतो आणि पिनियनचे नाक वर होते. जितके अंश अ‍ॅक्सल कलंडला तितकीच तफावत दोन क्रॉसच्या कोनांत पडते. 50 मिमी जास्त लांबीला ती तीन अंशांच्या घरात जाते आणि थरथर जाणवते. वेगासोबत ती वाढते. क्लच दाबून इंजिन खाली आणले तरी तशीच राहते, म्हणून ती इंजिनाची नाही हे ओळखता येते. अशीच गाडी चालवत राहिलात तर आधी क्रॉस, मग पिनियनचे ऑइल सील जाते.

उपाय पुन्हा पाचरच, पण मागे जाड बाजू मागच्या दिशेला, म्हणजे पिनियनचे नाक खाली येते. बसवण्याआधी आणि बसवल्यावर मोबाइलमधले कोन मोजणारे अ‍ॅप पिनियनच्या फ्लँजला टेकवून आकडा घ्या. दोन्ही वेळी गाडी त्याच सपाट जागी, चाकांवर उभी असावी. जॅकवर टांगलेल्या गाडीचे आकडे निरुपयोगी.

जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक आखूड शाफ्ट आहे. त्याची दोन्ही टोके चेसिसवरच असल्याने उंची वाढवल्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. तिथून आवाज येत असेल तर तो आधीचाच होता. ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंग पाहा.

शॅकल घरी, लेथवाल्याकडून बनवून घेता येतील का?

येतील, पण ड्रिल आणि प्लेट नीट हवी. मऊ पोलादाची 10 मिमी, म्हणजे साधारण तीन सुती प्लेट पुरते. आय.एस. 2062 च्या दर्जाची मागा. भंगारातला तुकडा कशाचा आहे कोणाला ठाऊक नसते. तुटक्या पाट्याच्या पानातून शॅकल कापण्याची एक पद्धत आहे, ती टाळा. ते पोलाद कडक असते, गॅसने कापताना त्याचे पाणी उतरते आणि भोकाशी बारीक चिरा राहतात. ओतीव लोखंडही नको, ते झटक्याने तुटते.

चारही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकदम भोके पाडा, म्हणजे सगळी केंद्रे जुळतात. डावा आणि उजवा शॅकल यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. भोके ड्रिलनेच, गॅसने नाही. भोकाच्या केंद्रापासून प्लेटच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट धातू ठेवा. कडा गोल घासा. बोल्ट 8.8 दर्जाचा किंवा त्याहून वरचा, आणि प्लेटमधून जाणारा भाग बिनआट्याचा गुळगुळीत असावा. प्लेटवर आटे टेकले तर बोल्ट तिथूनच तुटतो.

जुन्या शॅकलला मधोमध कापून तुकडा जोडून वेल्डिंग केलेले काही गाड्यांत दिसते. तसे करू नका, एवढेच.

दोन पट्ट्यांमध्ये आडवा तुकडा कशासाठी जोडतात?

शॅकल लांब झाला की वळणावर बाजूने येणारा जोर त्याला जास्त लांबीच्या तरफेने वाकवतो. दोन सुट्या पट्ट्या समांतर चौकोनासारख्या एका बाजूला कलतात आणि मागून पाहिले तर बॉडी अ‍ॅक्सलवरून आडवी सरकताना दिसते. मध्यभागी नळीचा किंवा प्लेटचा आडवा तुकडा दोन्ही पट्ट्यांना वेल्ड केला की ही हालचाल आवरते. मूळ लांबीपेक्षा 30 मिमीच्या पुढे गेलात तर हा तुकडा हवाच. तो पाट्याच्या डोळ्याला किंवा चेसिसला कुठे लागत नाही ना, हे पाटा पूर्ण दाबून आणि पूर्ण लटकवून, दोन्ही स्थितींत तपासा. तो असा जागी बसवा की बुश (पिनेभोवतीची रबरी नळी) बदलताना पट्टी काढता येईल. नाहीतर पुढच्या खेपेला ग्राइंडर चालवावा लागतो.

जिप्सीच्या मूळ शॅकलला पिना पट्टीलाच जोडलेल्या असतात. नव्या शॅकलला साधे बोल्ट चालतील?

चालतील, पण नळीसकट. मूळ पिनेला खांदा असतो. बाहेरची पट्टी त्या खांद्यावर टेकते आणि नट कितीही आवळला तरी रबर बुश ठरावीक मापापेक्षा जास्त चेपत नाही. साध्या बोल्टला असा खांदा नसतो, म्हणून नट आवळत गेलात की पट्ट्या आत ओढल्या जातात, रबर बाहेर फुगते आणि शॅकल जाम होतो. बोल्टवर पोलादी नळी घाला. तिची लांबी दोन्ही पट्ट्यांमधल्या हव्या त्या अंतराएवढी ठेवा. मग नट नळीला आवळतो, रबराला नाही.

जुन्या विलिस वंशाच्या काही जीपना मुळात वेगळाच, आटे असलेला यू आकाराचा शॅकल असतो आणि त्यात आट्यांचेच बुश फिरतात. त्यातल्या काहींचे आटे उलटे असतात. अशा गाडीला पट्टीचे शॅकल लावायचे तर पाट्याचा डोळा आणि चेसिसचा ब्रॅकेट दोन्ही बदलावे लागतात. जास्त कमानीचे पाटे घेणे त्यापेक्षा सोपे.

बसवण्याची पद्धत सांगा.

आदल्या रात्री आठही नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. कोकणातल्या किंवा समुद्राकाठच्या गाडीला दोन रात्री द्या. पाट्याच्या डोळ्यातली पिन गंजून रबराला चिकटलेली असते.

काम सुरू करण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून लिहा. दोन्ही पिनियनचे कोन लिहा. दोन्ही बाजूंत 10 मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर एक पाटा आधीच बसलेला आहे. लांब शॅकल लावल्यावरही तो फरक तसाच राहील.

एका वेळी एकच अ‍ॅक्सल घ्या. दुसऱ्या अ‍ॅक्सलच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावा. जॅकने चेसिस उचला आणि घोड्या (टेकू देणारे स्टँड) चेसिसखाली ठेवा, अ‍ॅक्सलखाली नाही. मग दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली लावून त्याचे वजन फक्त तोलून धरा. हाच जॅक इंच-इंच वरखाली करून शॅकलवरचा ताण काढायचा असतो. ताण निघाला की पिन हाताने हलते. हलत नसेल तर हातोडा उचलण्याआधी जॅक थोडा सरकवून पाहा.

डावीकडचा शॅकल पूर्ण बदलून झाल्यावरच उजवीकडचा सोडा. दोन्ही एकदम सोडले तर अ‍ॅक्सल फिरतो आणि पिना जागेवर आणताना घाम निघतो. चिकटलेली पिन हॅक-सॉने कापा. पाट्याच्या डोळ्याला गॅसची ज्योत लावू नका, पाट्याचे पाणी उतरते आणि मग तो तिथेच मोडतो.

बुश नवेच घाला. रबरी बुशला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. साधे ग्रीस रबर फुगवते. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांच्यासोबत येणारे ग्रीस आत-बाहेर भरपूर लावा, नाहीतर आठवडाभरात किरकिर सुरू होते. आता नट हातानेच लावा. गाडी चाकांवर उतरवा, बंपर धरून चार-पाच वेळा जोरात दाबा, आणि मगच शेवटचे आवळा, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला. रबरी बुश पिनेभोवती फिरत नाही, तो पिळवटतो. पाटा लटकलेला असताना आवळला तर गाडी उतरल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. हे काम चुकल्याचा आवाज लगेच येत नाही, म्हणून गॅरेजमध्ये ते सर्रास चुकते. गाडी घ्यायला गेलात की स्वतः विचारा, शेवटचे कधी आवळले.

शॅकल कोणत्या दिशेला झुकलेला असावा?

गाडी चाकांवर उभी असताना खालचे टोक अ‍ॅक्सलपासून दूर, बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. पाटा दाबला की तो लांब होतो आणि शॅकलला आणखी बाहेर ढकलतो. चाक खड्ड्यात लटकले की पाटा आखूड होतो आणि शॅकल आत येतो. लांब शॅकल मूळपेक्षा जास्त उभा राहतो. अगदी उभा किंवा आत झुकलेला दिसला तर मोठ्या खड्ड्यात तो उलटून चेसिसला अडकू शकतो. मग पाटा त्याच स्थितीत लॉक होतो आणि गाडी एका कोपऱ्यात तिरकी राहते. असा शॅकल दिसला तर लांबी कमी करा.

शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलावे लागतात का?

12 मिमी उचलीला सहसा नाही. 25 मिमीला तपासा. चेसिस घोड्यांवर ठेवून अ‍ॅक्सल पूर्ण लटकू द्या, शॉकअपचे खालचे टोक सोडा आणि अ‍ॅक्सल आणखी खाली जातो का बघा. गेला, तर आतापर्यंत शॉकअपच अ‍ॅक्सलला धरून ठेवत होता. असे चालवले तर शॉकअपचा दांडा निघतो किंवा त्याचा ब्रॅकेट उपटतो. उचलीएवढा लांब शॉकअप घ्या. हीच तपासणी करताना ब्रेकच्या रबरी नळ्या पाहा, आणि पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. नळी ताणली जात असेल तर चेसिसवरचा तिचा ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब नळी घाला. ताणलेल्या नळीसोबत गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

अ‍ॅक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेल्या बंप स्टॉपकडे सहसा कोणी पाहत नाही. लांब शॅकलने पाट्याचे एक टोक चेसिसपासून खाली गेले, पण रबरी बंप स्टॉप आहे तिथेच आहे. म्हणजे अ‍ॅक्सल त्याला टेकेपर्यंत पाटा आता पूर्वीपेक्षा जास्त उलटा वाकतो. उचलीएवढ्या जाडीचा लोखंडी ठोकळा बंप स्टॉपखाली घाला, पाट्याचे आयुष्य वाचते.

फक्त मागे किंवा फक्त पुढे लावले तर?

फक्त मागे 25 मिमी उचलले तर 2375 मिमीच्या व्हीलबेसवर गाडी सुमारे 0.6 अंश पुढे झुकते. तेवढाच कॅस्टर कमी होतो आणि हेडलाइट जवळ पडतात. मागे कायम सामान असेल तर हे सोसता येते. फक्त पुढे उचलले तर उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काहीही केले तरी शेवटी हेडलाइट पुन्हा जुळवायचेच.

गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग व्हील वाकडे दिसते आणि खड्ड्यात ते हाताला झटका देते.

चेसिस वर गेली, अ‍ॅक्सल जागेवर राहिला, त्यामुळे स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली. व्हील वाकडे दिसणे ड्रॅग लिंकच्या जुळवणीने सुटते. स्टिअरिंग व्हील उपटून सरळ बसवू नका, त्याने बॉक्सचा मध्य हलतो. झटके मात्र तिरकेपणाचेच आहेत आणि 25 मिमीच्या पुढे ते वाढत जातात.

ठरावीक वेगाला दोन्ही चाके थडथड हलू लागली तर सगळा दोष शॅकलवर टाकू नका. किंगपिनच्या बेअरिंगमधली ढिलाई, टाय रॉडची टोके, टायरचे बॅलन्सिंग हे आधी पाहा. कॅस्टर कमी झाल्याने ही जुनी ढिलाई उघडी पडलेली असते. नवा स्टिअरिंग डँपर लावून थरथर दबते, पण ढिलाई जात नाही.

माझ्याकडे थार आहे. शॅकल लागतील?

2010 ते 2020 मधली सीआरडीई थार असेल तर फक्त मागे, कारण तिच्या पुढे पाटे नसून टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत. 2020 नंतरच्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे शॅकलचा प्रश्नच नाही. जिम्नीचेही तेच. हायलक्स आणि व्ही-क्रॉससारख्या पिकअपना मागे पाटे आहेत, पण तिथे लोक मागची उंची वाढवतात ती बहुतेक वेळा ओझ्यासाठी, आणि त्याला जास्त क्षमतेचे पाटे हेच उत्तर आहे.

ताडोब्यातल्या सफारीच्या जिप्सीसारखी मागे उंच बाके असतील तर?

तिथे उंची वाढवू नका. माणसे आधीच चेसिसच्या बऱ्याच वर बसलेली असतात. 1993 पूर्वीच्या अरुंद जिप्सीला तर मुळीच नको. त्या वर्षी आलेल्या रुंद आवृत्तीत दोन चाकांमधले अंतर 90 मिमीने वाढवले होते.

आरटीओ आणि विम्याचे काय?

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तिकेतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होतो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. ‘एवढ्या शॅकलने कोण बघतो’ हे खरे असेलही, पण अपघातानंतर विमा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. म्हणून आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. खाजगी जमिनीवर, शेतात किंवा स्पर्धेसाठीच वापरायच्या गाडीचा प्रश्न वेगळा.

बसवल्यानंतर काय-काय तपासत राहायचे?

पहिल्या 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि शॅकलचे सगळे नट पुन्हा टॉर्कला आवळा, नंतर 500 ला. पाचरी घातल्या असतील तर 1000 लाही, कारण त्या बसेपर्यंत यू-बोल्ट थोडे सैल होतात. टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) जुळवून घ्या. कॅस्टरही यंत्रावर मोजायला सांगा, बरीच अलाइनमेंट केंद्रे सांगितल्याशिवाय तो मोजत नाहीत. पावसाळ्यानंतर शॅकलच्या आतल्या बाजूचा चिखल धुऊन काढा. वेल्डिंगच्या कडेने गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर तो बहुधा तडा असतो. शॅकल उतरवून पाहा.

परत मूळ शॅकल लावता येतात का?

येतात, म्हणून जुने फेकू नका. फक्त शॅकल बदलून थांबू नका. पाचरी काढा, बंप स्टॉपचे ठोकळे काढा, लांब शॉकअप घातले असतील तर पाटा पूर्ण दबल्यावर ते तळाला टेकतात का हे पाहा, ड्रॅग लिंक आणि हेडलाइट पुन्हा जुळवा. पाचर तशीच राहिली तर पुढचा कॅस्टर आता मूळपेक्षा जास्त होतो आणि स्टिअरिंग जड लागते. मागची पाचर विसरली तर थरथर परत येते, या वेळी पिनियनचे नाक खाली असल्यामुळे.